सेनेटरचा बदली माणूस

चोआ चू कांग, सिंगापूर,
रविवार दुपार, २०१४

रुचिर,

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे मराठीत लिहितोय. तू आत झोपलायस. संध्याकाळी तुला पासिर रिसला सोडायचंय, तिथून तू परत बेटावरच्या लष्करी कॅम्पात जाशील.

गेल्या वर्षी तू कॉलेजसाठी एका जुन्या अमेरिकन सेनेटरवर निबंध लिहिला होतास. मूळचा खेड्यातला वकील, मोठा हुशार. यादवी युद्धात बोलावणं आलं, तेव्हा कायद्यात मुभा होती म्हणून त्याने आपल्या जागी दुसरा माणूस पाठवला. पुढे सेनेटर होऊन जन्मभर देशभक्तीवर भाषणं ठोकली. मी तावातावाने म्हणालो, "भेकड लेकाचा!" तू निबंधाचे कागद गोळा करून फाईलमध्ये ठेवलेस.

इथलं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेताना मला सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट होती; मुलाला नव्हती, त्याला अठराव्या वर्षी जावंच लागणार होतं. हे आपल्याला नंतर कळलं, असं मी तुझ्या आईला सांगत आलोय. खोटं आहे ते. फॉर्म नीट वाचूनच मी सही केली. फ्लॅट घ्यायचा होता, आणि तू तीन वर्षांचा होतास. अठरा फार लांब वाटलं. आता दोघांनाही मागे फिरायला वाट नाही. "इट्स ओके लाह, बाबा," तू इथल्या पोरांसारखं म्हणतोस.

त्या बदली माणसाचं नाव कुठेच सापडत नाही, असं तू निबंधाच्या शेवटी लिहिलं होतंस.

मघाशी तुझ्या गणवेशाला इस्त्री केली. छातीवरच्या पट्टीवर माझंच आडनाव आहे.

बाबा