किल्ल्यांचा आवाज

माझ्या दिवट्या,

तू घर सोडून गेल्यापासून तुझ्या ढब्बूला एकटं राहवत नाही. मी दाराकडे वळले की भुंकून, रडून अख्खी इमारत डोक्यावर घेतो. शेवटी कुत्र्यांच्या ट्रेनरबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "काकू, येता-जाता किल्ल्या उचला, दारापर्यंत जा आणि परत येऊन बसा. हळूहळू त्याची भीती मोडेल."

आज मी किल्ल्या वाजवल्या, तर पठ्ठ्याने मानसुद्धा वर केली नाही. बाई खूश झाल्या. मला मात्र कसंतरीच झालं.

दर भांडणात तूही बॅग उचलून दारापर्यंत जायचास आणि परत येऊन जेवायला बसायचास. म्हणून त्या दिवशीही मी मागे वळून पाहिलं नाही रे. तुझं ताट वाढत होते.

तुझी,
आई