वंदनाचा जोड पास झाला

प्रिय दादा,

तुमची लेक वंदना वेल्डरच्या परीक्षेत पास झाली. आज सकाळी तपासणी करणाऱ्या साहेबांनी स्वतः फोनवर सांगितलं, एक्स-रे स्वच्छ आहे, जोडात कुठे पोकळी नाही, चीर नाही. मी बातमीदार माणूस, म्हणून त्यांना दोनदा विचारलं. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं, पण लिहावंसं आज वाटलं. कारण ही बातमी तुम्हाला आवडली असती का, याची मला खात्री नाही.

तुम्ही तिला कधी वेल्डिंगला हात लावू दिला नाहीत. अंबडच्या आपल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये ती तुमचा डबा घेऊन यायची आणि काळ्या काचेआडून बघत बसायची.

"डोळे जातात, पोरी."

"मग तुमचे?"

तुम्ही विषय बदलायचात. मला मात्र हात धरून शिकवलंत, आणि मी एक फाटक सरळ जोडलं नाही. हे दिसत नव्हतं का तुम्हाला?

तुमच्या मागे तिनं शेड उघडी ठेवली, बाहेर जाऊन वेल्डिंग शिकली. तुमचे धाकटे भाऊ, आपले नानाकाका, तेव्हापासून म्हणताहेत, "विकून टाका. गोडाऊनवाले मागे लागलेत. वेल्डिंग आता रोबोट करतात."

त्यांचं अर्धं खरं आहे. मोठ्या कारखान्यांत लांब, सरळ जोड यंत्रच मारतं, आणि उत्तम मारतं. मी बघून आलोय. पण दिंडोरीकडे वायनरी वाढल्या, दुधाचे, फळांच्या रसाचे कारखाने आले. प्रत्येकाची टाकी वेगळी, प्रत्येकीचा नळ वेगळ्या कोनात. तिथे अजून माणूस लागतो. फक्त तो परीक्षा दिलेला लागतो. कोणता जोड कोणी मारला, त्या वेल्डरचा नंबर आता जोडाशेजारी ठोकावा लागतो. तुमच्या नुसत्या शब्दावर काम मिळायचं, ते दिवस गेले. पास झालेला वेल्डर नाही तर टाकी नाही, आणि टाकी नाही तर शेड नाही.

"काका, रोबोट टाकीच्या आत वाकून शिरतो का?" वंदनानं विचारलं होतं.

"आणि तू शिरणार?"

"बुटकी म्हणून इतकी वर्षं चिडवलंत, आता बघा की."

पहिल्या वेळी ती नापास झाली, दादा. तुमच्यामुळे. जोड कुठे आहे ते बोटाला कळता कामा नये, हा तुमचा हट्ट. जोड मारला की ग्राइंडर फिरवायचा, आरशासारखा करायचा. तिनं परीक्षेची प्लेटही तशीच चकचकीत करून दिली. साहेबांनी ती हातातही घेतली नाही.

"ताई, मला तुमचा हात बघायचाय. पॉलिश नंतर हवं तेवढं करा."

"आमच्याकडे असंच करतात."

"वाईट जोडही असाच झाकता येतो."

घरी येऊन तिनं ती प्लेट टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "दादांचा जोड चांगलाच असायचा. मग ते घासायचे का?"  तुम्हाला उत्तर देता आलं असतं?

दुसऱ्या दिवशी तिनं ग्राइंडर कपाटात कोंडला आणि किल्ली माझ्याकडे दिली. तीन महिने रोज नुसते जोड मारले. जसा उतरेल तसा ठेवायचा, बघायचा, कापायचा, पुन्हा मारायचा. या वेळची प्लेट तिनं तशीच दिली, वितळून थिजलेल्या धातूच्या लहरी दिसत होत्या तशी. जोड झाकायची सवय मोडायला तिला वेल्डिंग शिकण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

रविवारी नानाकाका विक्रीचा कागद घेऊन येणार आहेत. शेड वंदनाच्या आणि माझ्या नावावर, त्यामुळे माझीही सही लागते. "पास झाली म्हणून काम मिळेलच का?" असं ते आत्ताच फोनवर म्हणाले. प्रश्न रास्त आहे. सोमवारी एका वायनरीची माणसं शेड बघायला येताहेत. वंदना त्यांच्यासमोर जोड मारून दाखवेल, मग एका टाकीचं काम द्यायचं का, ते ठरवतील. कदाचित नाहीही म्हणतील.

पण तुम्हाला शब्द देतो, रविवारी मी सही करणार नाही. सोमवारी काम मिळालं नाही तरी करणार नाही. मंगळवारी ती दुसऱ्या वायनरीच्या दारात उभी असेल, आणि तिला तिथवर गाडीवर मी नेईन.

तुमचा,
विजय