मंगलची नोकरी आणि नवं विंडोज

रामनगर,
फेब्रुवारी १९९७

प्रिय केशर,

काल बाजारात तुझा झिलूदादा भेटला. दिवाळीपासून तू नंदिगड्ड्याला माहेरीच आहेस, एवढंच म्हणाला आणि पावसापाण्यावर बोलायला लागला. मीही पुढं विचारलं नाही. पण तुझा ठावठिकाणा लागला याचा आनंद इतका झाला, की घेतलेली भाजी दुकानातच विसरून आले.

माझा कॉम्प्युटर क्लास चालू आहे. आपण बेळगावला शिकलो तेच डॉस, तेच वर्डस्टार, एकच जुनं मशीन. सगळं सुरळीत होतं. मग आमची मंगल दांडेलीला एका ऑफिसात मुलाखतीला गेली आणि रडत परत आली. तिथं विंडोज होतं. तिला माऊस धरायचा कसा तेही ठाऊक नव्हतं. क्लासमध्ये सगळ्यात हुशार पोरगी! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बेळगावहून मेकॅनिक परशूला बोलावलं. तो म्हणाला, मेमरी वाढवून, माऊस जोडून नवीन विंडोज घालता येईल, पण जुन्या मशीनला झेपेल याची खात्री न्हाई. बिघडलं तर क्लासच बंद. माझे दीर उमाजीभावजी तर अडूनच बसले, ‘‘वैनी, चालतंय त्याला कशाला हात लावताय?’’ मलाही भीती होतीच. शेवटी पोरींनाच विचारलं. मंगल उठून म्हणाली, ‘‘बाई, मोडलं तर मोडू दे. न्हाईतरी आमी शिकलेलं तिकडं कोण विचारतंय?’’ मग मी परशूला म्हटलं, घाल.

फ्लॉपीमागून फ्लॉपी जात होती. निम्म्यावर आलं आणि करंट गेला. परशूनं कपाळाला हात लावला, म्हणाला परत पहिल्यापासून, आणि पुन्हा करंट गेला तर मी जबाबदार न्हाई. तेवढ्यात बाहेर फटफट आवाज. बघते तर उमाजीभावजी मांडववाल्याचा जनरेटर हातगाडीवर घालून घेऊन आलेले! माझ्याकडं न बघताच म्हणाले, ‘‘आता सुरू केलंय तर पुरं करा.’’

आणि केशर, पडद्यावर ते निळं आभाळ आलं, पांढऱ्या ढगांचं! पोरींनी असा गलका केला की शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं धावत आली. माऊसचा बाण कुणालाच आवरेना, हसून हसून पोटं दुखली. भावजींनीही धरून बघितला. मशीन जरा सावकाश चालतं, पण चालतं. मंगल महिनाभर त्याला चिकटून होती. परवा त्याच दांडेलीच्या ऑफिसात तिला नोकरी लागली. साऱ्या रामनगरला पेढे वाटले तिनं.

आता खरं सांगते. मंगलचं ऐकून पार जोयड्यापासून पोरी नावं घालायला येताहेत आणि मला यातलं निम्मंही येत नाही. पुस्तकात बघून आज शिकते, उद्या शिकवते. तू बेळगावच्या ऑफिसात लग्नापर्यंत विंडोजवरच काम केलंस. तिकडं सासरी काय झालं ते मी विचारणार नाही. वाटलं तर सांग. दया म्हणून बोलवत नाही गं, मला तुझी गरज आहे. आधी मला शिकव, मग आपण दोघी मिळून पोरींना शिकवू. राहायला माझं घर आहेच. सोमवारपासून केशरबाई शिकवणार असं मी पोरींना सांगूनही टाकलंय. मला खोटी पाडू नकोस.

वाट बघणारी, तुझीच,
तुळजा