सह्या राहिल्या, मागणी वाहून गेली

ता. ३

चि. खटपट्या यास,
अनेक आशीर्वाद.

स्वस्तातला प्रिंटर घरी आणून त्याच्यापुढे हात जोडून बसणाऱ्या आपणा सर्वांची तक्रार एकच आहे: ऐन कामाच्या दिवशी तो छापत नाही. तीस वर्षं सभा गाजवून माझा घसा बसला नाही. हा इंकजेट वर्षात पाचदा चालला आणि बसला.

आमच्या कोपऱ्यावरचा सरकारी दवाखाना बंद करून लांब हलवणार आहेत. हरकत नोंदवायची मुदत तीस तारखेपर्यंत. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीची नजर गेली आहे, तिला रोजचं इन्सुलिन तिथली नर्स टोचते. दोन बस बदलून तिला रोज कोण नेणार? मी अर्ज लिहिला, पण छापून निघतो तो प्रत्येक ओळीतून कंगवा फिरवल्यासारखा.

मशीन मी किती जपलं ते तुला ठाऊक आहे. वरून टॉवेल घातला. शाई वाया जाऊ नये म्हणून महिनोन्महिने चालूसुद्धा केलं नाही. तू ऑफिसांची यंत्रं दुरुस्त करतोस, तर सांग: नवी शाई घालू की लेझर घेऊ? दुकानदार म्हणतो, परवडणारा लेझर फक्त काळं छापतो. मला मथळा लाल हवा. उत्तर थोडक्यात दे. भाषणांचं खातं माझ्याकडे आहे.

तुझ्यावर भरवसा ठेवून असलेली,
आत्या


ता. ८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, टाळ्या कुठे वाजवायच्या तेही आत्यांनी लिहायला हवं होतं.

तू मशीन जपलंस, म्हणूनच ते गेलं. इंकजेटची शाई ओली असते. आठवड्यातून एखादं पान छापलं नाही, तर ती तोंडाशीच सुकते. मग मशीन स्वतःला साफ करतं आणि त्यात उरलेली शाई पिऊन टाकतं. रोज रंगीत फोटो छापणाऱ्याने इंकजेट घ्यावा. तुझ्यासारख्या सणकी बाईने, जी चार महिने गप्प बसते आणि मग एका दिवसात शंभर पानं मागते, तिने लेझरच घ्यावा. त्यात कोरडी पूड असते, ती सुकायचा प्रश्नच नाही. शिवाय ती कागदावर भाजून बसते. इंकजेटची शाई पाण्याला भिते, हे ध्यानात ठेव.

हे मी गेल्या वर्षीही सांगितलं होतं. तेव्हा तू म्हणालीस की दुकानदार फार अदबीने बोलतो.

माझ्याकडे दुरुस्त केलेला एक लेझर आहे, तो पाठवून देऊ का? लाल मथळ्याचं खूळ सोड. काळ्या अक्षरातला राग कमी भरत नाही.

माया आहे तशीच राहू दे, तिच्यावर टॉवेल घालू नकोस.
तुझा,
खटपट्या


ता. १९

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. नवी शाई घातली, तीनदा सफाई केली आणि लाल मथळ्याचा अर्ज झोकात छापला. सात पानं, प्रत्येक पानावर वर मागणी आणि खाली सह्या. आठ दिवसांत माझे हे गुडघे चार इमारतींचे जिने चढले. एकशे त्रेचाळीस सह्या झाल्या. मी बोट धरून जागा दाखवली तिथे शिवणवालीने सही केली.

काल अर्ज द्यायला सरकारी ऑफिसात गेले. पिशवीत पाण्याची बाटली होती, तिचं झाकण सैल. कारकुनासमोर कागद काढले तर लाल मथळा आणि काळी मागणी एक होऊन जांभळा ओघळ झालेला. बॉलपेनच्या सह्या मात्र जशाच्या तशा. त्याने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, आजी, माणसं दिसतात, पण त्यांना हवंय काय?



माणूस वाईट नव्हता. त्यानेच सुचवलं की कागद वाळवा आणि सह्यांच्या वर मजकूर पुन्हा छापा, कोण बघतंय. मी नाही म्हटलं. सह्यांवर मागाहून मजकूर चढवणाऱ्यांविरुद्ध मी जन्मभर बोलले. आता तेच माझ्या हातून होणार नाही. आधी मजकूर, मग सही. म्हणजे एकशे त्रेचाळीस दारं पुन्हा. शिवणवाली परवा साखर वाढून इस्पितळात गेली आहे. तिच्या खाटेपाशीही जायचं, अर्ज वाचून दाखवायचा आणि पुन्हा बोट धरायचं.

चूक माझी आहे. ही कबुली जपून वापर, तुला पुन्हा मिळणार नाही.

लेझर पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. रविवारी सकाळच्या पहिल्या बसने ये. पहिलं पान निघालं की मी त्यावर ओलं बोट फिरवून बघेन, आणि अक्षर हललं नाही तर तू माझ्याबरोबर जिने चढायला लाग.

वाट पाहणारी,
आत्या