रायफलीला मानवलेली गोळी

मी ओतीलिया बार्रिया, कै. फेर्मीन लेफीमान यांची पत्नी, वय त्र्याहत्तर, राहणार हुनीन दे लोस आंदेस, हे मृत्युपत्र नोटरी इरुस्ताबाईंच्या कचेरीत दोन साक्षीदारांसमोर तोंडी सांगून लिहवून घेत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. मी रागात आहे हे खरं. पण तो राग एकोणीस वर्षांचा आहे, आजच्या आज डोक्यात शिरलेला नाही, याचीही नोंद व्हावी.

एक. नदीकाठचं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी एल्बा हिला. घर विकलं तरी माझी हरकत नाही. फक्त माझे दीर सेल्सो लेफीमान यांना ते एका रात्रीसाठीही राहायला देऊ नये.

दोन. फेर्मीनची रायफल, दुर्बीण आणि गोळ्या तोलायचा छोटा काटा सेल्सोची मुलगी नोएमी हिला. बापाचा राग लेकीवर काढण्याइतकी मी खुळी नाही. शिकारीचा परवाना हातात पडल्यावर ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, नेम शिकवाल?"

"नेम नंतर. आधी गोळी निवडायला शीक."

पोरी, शिकलीस ते विसरू नकोस. वेगवेगळ्या पेट्या आणायच्या. प्रत्येकीतल्या तीन गोळ्या शंभर मीटरवरच्या कागदावर मारायच्या, मध्ये नळी गार होऊ द्यायची, तोवर माते, आपला कडू चहा, पीत बसायचं. तिन्ही भोकं जिने जवळजवळ पाडली ती पेटी आपली. महाग कुठली हे विचारायचंच नाही. या रायफलीला एकशे ऐंशी ग्रेनची जड गोळी मानवते, एकशे पन्नासची हलकी दिली की भोकं विखुरतात. नवी पेटी त्याच गोळीची असली तरी पुन्हा कागद लावायचा. तू विचारलं होतंस, "आणि कंटाळा आला तर?" तर घरी बसायचं. आपल्या कंटाळ्यापायी जनावराने का तडफडावं?

तीन. सेल्सोला काहीही नाही. कारण पुढे दिलं आहे, ते गाळू नये.

एप्रिल २००० मध्ये ब्वेनोस आयरेसहून एक पाहुणा रानडुकराच्या शिकारीला आला. फेर्मीन वाटाड्या होता, पाहुण्याच्या हाती रायफल आमचीच होती. त्या रायफलीच्या गोळ्या मी महिनाभर कागदावर पारखून ठरवल्या होत्या. गावातून पेटी आणायचं काम सेल्सोकडे होतं. त्याने एका मित्राकडे पडलेल्या हलक्या गोळ्या उचलल्या, सुट्या करून कातडी पिशवीत भरल्या आणि कोणाला सांगितलं नाही. गोळी वर जाईल, बाजूला जाईल, हे फेर्मीनला कळायला मार्ग नव्हता. पाहुण्याने झाडलेली गोळी डुकराच्या पोटात लागली. जखमी जनावर सोडून यायचं नाही हा वाटाड्याचा धर्म. फेर्मीन वेळूच्या जाळीत शिरला. डुकराने त्याची मांडी फाडली. इस्पितळाच्या वाटेवरच तो गेला.

दफनानंतर मी पिशवीतल्या एका काडतुसातली गोळी उपसून काट्यावर ठेवली. एकशे पन्नास. उरलेल्यांतल्या तीन मी कागदावर मारल्या. भोकांवर तळहात ठेवला, तरी एक बाहेर राहिलं.

सेल्सोला विचारलं. तो म्हणाला, "दुकानात संपल्या होत्या, वहिनी. गोळी ती गोळी."

पोलिसांना मात्र त्याने वेगळंच सांगितलं होतं, की गोळ्या फेर्मीननेच निवडल्या. तेव्हापासून हे गाव माझ्या नवऱ्याला निष्काळजी म्हणतं. पावाच्या दुकानात म्हणतं, चर्चच्या पायरीवर म्हणतं, माझ्या देखत म्हणतं. मी हे सांगितलं की लोक सेल्सोकडे बघायचे, आणि तो मान हलवून म्हणायचा, "दुःखाने तिचं डोकं फिरलंय." मी पारखलेल्या जड गोळीचा आणि पिशवीतल्या हलक्या गोळीचा, असे दोन्ही कागद तारखांसह सोबत जोडले आहेत.

चार. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला त्याचा साक्षीदार होता येत नाही, असं इरुस्ताबाईंनी मला समजावलं. म्हणूनच सेल्सोला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. रायफल मिळेल या आशेने तो कोट घालून आला आहे.

नोटरीची नोंद: वरील मजकूर सर्वांसमोर मोठ्याने वाचला. साक्षीदार सेल्सो लेफीमान यांनी विचारलं, "माझ्याबद्दलचं खोटं आहे, असं म्हणता येईल का मला?" मी म्हटलं, "म्हणा. तेही लिहीन." ते ओतीलियाबाईंकडे न बघता म्हणाले, "संपल्या नव्हत्या, वहिनी. दुकान उघडायला तासभर होता. मी थांबलो नाही."

ओतीलियाबाई मला म्हणाल्या, "लिहा, बाई. जसंच्या तसं लिहा."

लिहिलं, पुन्हा वाचलं, सर्वांनी मान्य केलं.

हुनीन दे लोस आंदेस, १४ मे २०१९

(सही) ओतीलिया बार्रिया
(सही) साक्षीदार रामोना तेखेदा, पावाच्या दुकानाच्या मालकीण
(सही) साक्षीदार सेल्सो लेफीमान
(सही व शिक्का) नोटरी इरुस्ता