मोगऱ्याचा पांढरा चहा आणि वनजाचा चेहरा

प्रिय आत्या,

तुला जाऊन चार वर्षं झाली आणि पहिलं पत्र लिहितेय ते घाबरून. हसू नकोस. आज सकाळी आपल्या मल्लेश्वरमच्या दुकानात मोगऱ्याचा पांढरा चहा चाखला आणि मला मोगऱ्याचा वास आलाच नाही!

सर्दी नाही. मोगरा मीच निवडून आणला होता. चहाचे लवदार कोंब आणि मोगऱ्याच्या कळ्या यांचे थर लावून डबा बंद ठेवला होता, तुझ्याच पद्धतीनं. पाणी उकळू दिलं नाही, चार मिनिटं झाकण ठेवलं, चमच्यातून सुर्रकन ओढला. जिभेला जरासा गोडवा लागला आणि पुढे काहीच नाही.

गिऱ्हाइकांना तू सांगायचीस, "हा घाईच्या माणसाचा चहा नाही हो. घोट गिळा, मग नाकानं श्वास सोडा. मोगरा तेव्हा येतो." मी तीनदा श्वास सोडला. मग काय केलं ठाऊक आहे? समोर वनजा उभी होती, निपाणीची, तुझ्यानंतर कामाला ठेवलेली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

हे तुझंच ना गं? शेवटची दोन वर्षं तू घोट घ्यायचीस आणि माझ्या तोंडाकडे बघायचीस. माझ्या भुवया वर गेल्या की म्हणायचीस, "सरी, ठीक आहे, भर डब्यांत." तुझं नाक गेलंय हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं! पण तुला तोंडावर कसं सांगायचं? वास कमी पडला की मी गुपचूप आणखी कळ्या घालायचे आणि भुवया उंचावायचे. त्याला मी माया समजत होते.

मग तुझा हात कापायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "वास कधीपासून येत नाही? या कंपवाताच्या दुखण्यात कधी कधी तो आधी जातो." तू म्हणालीस, "वास? छान येतो की!" आणि मी शेजारी बसून मान डोलावली. का गं खोटं बोललीस? आणि मी तरी का?

घरात सगळे म्हणायचे, आत्याचं नाक भाचीनं घेतलं. मी केवढी मिरवायचे! आज सकाळपासून दहादा हात पसरून बोटं बघितली. कापतात ती भीतीनं की कशानं, तेही कळेना.

शेवटी वनजाला दोन पेले मांडायला लावले, एक मोगऱ्याचा, एक साधा. दोन्ही चाखले. काही फरक नाही. अंदाजानं म्हटलं, "डावा मोगऱ्याचा."

"बरोबर, अक्का," ती पटकन म्हणाली, आणि खाली बघू लागली.

"वनजा, खरं सांग."

तिचे डोळे भरले. "उजवा होता, अक्का. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. उगादीपासून मीच मागनं जास्ती कळ्या घालतेय."

उगादीपासून, आत्या! चार महिने!

उद्या डॉक्टरांकडे जातेय. वास जायला शंभर कारणं असतात, मला ठाऊक आहे. तरी भीती जात नाही. वनजालाही बरोबर नेतेय, कारण मला माझा भरवसा नाही. 'कधीपासून' असं विचारलं की मीही तुझ्यासारखीच "छान येतो की" म्हणेन. म्हणून तुला वचन देते, त्या प्रश्नाचं उत्तर वनजा देईल आणि ती बोलत असताना मी तिला अडवणार नाही.

तुझीच भाची,
सुधा