कुयांना मी ‘जा’ म्हणालो तेव्हा

कुया,

तुमच्या बेटांच्या देशात मोठ्या भावाला म्हणतात तीच हाक मारतोय. मराठीतलं हे पत्र तुम्हाला वाचता आलं नसतं, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. तुम्हाला हे जग सोडून नऊ वर्षं झाली. चार दिवसांपूर्वी तुमच्या मुलीचा फोन आला. तीही आता निवडून आली आहे, घराण्याची चौथी पिढी. तुमच्या स्मरणसभेत ऐकवायला तिला माझे दोन शब्द हवेत. कारण म्हणाली, “निवडणुकीला उभं राहायला तुम्हीच सांगितलंत, असं पप्पा सगळ्यांना सांगायचे.” तेव्हापासून मी मोबाइल हातात घेतो आणि परत खाली ठेवतो.

कुवेतमधल्या फरवानियातलं आपलं सामायिक स्वयंपाकघर आठवतं. मी कोळंबीचं कालवण ढवळतोय, शेजारच्या शेगडीवर तुम्ही भात चढवलाय. तुमचे आजोबा गव्हर्नर, वडील मेयर, भाऊ प्रांताच्या सभेत, म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेसारखं काहीतरी. आणि तुम्ही मिरकाबच्या ऑफिसांतले एसी दुरुस्त करणाऱ्या आम्हा बारा जणांचे फोरमन. घरी जेवायला बसलं तरी भाषण ऐकावं लागायचं, म्हणून पळून आलो, असं हसत सांगायचात. मला हाताला धरून काम तुम्ही शिकवलंत. एकदा मी आतला पाइप नीट न बांधताच झाकण लावलं, तर सगळ्यांसमोर ते उघडायला लावलंत आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. शिव्या परवडल्या असत्या, तो अबोला नाही. पण त्या दिवसापासून मी खरा मेकॅनिक झालो.

मग तुमचे भाऊ वारले, आणि त्यांच्या जागी तुम्ही उभं राहावं म्हणून घरून रोज फोन येऊ लागले. तुमचं मन होईना. एका शुक्रवारी भाताकडे बघत तुम्ही मला कळेल अशा सोप्या इंग्रजीत विचारलंत, “मी जाऊ का? तू खरं सांग.”

“जा, कुया,” मी म्हणालो. “तिकडची माणसं तुमची वाट बघतायत.”

गेलात आणि घराण्याचं नाव काढलंत. लागोपाठ तीनदा निवडून आलात. बेटांवरच्या आजाऱ्यांना आणायला बोट सुरू केलीत, आणि तिच्यावर स्वतःचं नाव काही रंगवू दिलं नाहीत. नाव हवंच म्हणणारा तुमचा पुतण्या रुसला म्हणे. एकदा पाहुणे म्हणून कुवेतला आलात, तर हॉटेलातली मेजवानी सोडून आमच्या खोलीवर आलात. एसी गळताना दिसला, तसा कोट काढून खाटेवर टाकलात आणि स्टुलावर चढलात. रत्नागिरीची नवी पोरं बघतच राहिली. हे माझे उस्ताद, असं मी तेव्हा ऐटीत सांगितलं. आजही सांगतो, आणि ऊर भरून येतो. यांना मीच पाठवलं, हेसुद्धा सांगायला विसरत नाही.

उद्या सकाळी तुमच्या मुलीला माझा आवाज पाठवीन. त्यात ती बोट असेल, तिन्ही निवडणुका असतील, मी ‘जा’ म्हणालो तेही असेल. सल्ला बरोबरच होता, त्याबद्दल मला शंका नाही. बाकीचं या कागदावरच राहील. कुया, तुम्ही मला विचारलंत त्याच्या दोन दिवस आधीच मी साहेबांकडे तुमच्या जागेसाठी शब्द टाकला होता. विमानतळावर मला मिठी मारून तुम्ही रडलात, तेव्हा फोरमन केल्याचं पत्र माझ्या खिशात होतं.